चाळणीचा दोष: संशोधनाचे निकाल आणि संशोधनाचा पैसा

२०११ साली मानसशास्त्रातल्या एका नामवंत नियतकालिकात एक पेपर छापून आला. लेखक होते कॉर्नेल विद्यापीठातले डॅरिल बेम, क्षेत्रात चांगलाच मान असलेले प्राध्यापक. नऊ प्रयोग, एक हजाराहून जास्त सहभागी, आणि निष्कर्ष असा की पुढे घडणाऱ्या गोष्टीची चाहूल माणसाला आधीच लागते. एका प्रयोगात संगणकावर दोन पडदे दिसायचे. एकामागे चित्र, दुसऱ्यामागे काहीच नाही. चित्र कुठल्या पडद्यामागे आहे ते ओळखायचं. मेख अशी की चित्र कुठे ठेवायचं हे संगणक तुम्ही उत्तर दिल्यानंतर ठरवायचा. नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर यायला हवीत. कामुक चित्रांच्या बाबतीत ती ५३.१ टक्के आली.

काही जण हसले, काही भडकले. पण खरी पंचाईत वेगळीच होती. बेम यांनी लबाडी केली असं कुणी दाखवू शकत नव्हतं. इतर सगळे वापरत होते तीच पद्धत त्यांनी वापरली होती, तेच सांख्यिकी निकष लावले होते, तज्ज्ञांच्या तपासणीतून पेपर रीतसर पार पडला होता. म्हणजे दोनच शक्यता उरत होत्या. एक तर माणसाला भविष्य कळतं, नाही तर या पद्धतीने काहीही सिद्ध करता येतं. आणि दुसरी शक्यता खरी असेल, तर त्याच पद्धतीने सिद्ध झालेल्या बाकीच्या हजारो गोष्टींचं काय?

पुढे तीन संशोधकांनी त्यातला एक प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला. काहीच सापडलं नाही. त्यांनी तो पेपर त्याच नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर आलं, जुने प्रयोग पुन्हा करून पाहिलेले आम्ही छापत नाही.

पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ या एका उत्तरात आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. विज्ञानात काय छापायचं आणि कुणाला पैसे द्यायचे, या दोन्ही गोष्टी चाळणीने ठरतात. चाळणीची भोकं वाकडी असतील तर खाली काय पडतं ते धान्यावर कमी आणि चाळणीवर जास्त अवलंबून राहतं. मानसशास्त्रातलं गेल्या पंधरा वर्षांतलं वादळ आणि संशोधनाचा निधी वाटण्याबद्दल आज चाललेले नवे प्रयोग हे दोन वेगळे विषय म्हणून सांगितले जातात. मला तो एकच विषय वाटतो.

आधी निकालांची चाळणी. तिचं नाव पी-व्हॅल्यू. समजा एक गोळी घेतल्याने स्मरणशक्ती सुधारते का ते पाहायचं आहे. एका गटाला गोळी दिली, दुसऱ्याला नाही. परीक्षेत पहिल्या गटाला थोडे जास्त गुण मिळाले. हा फरक गोळीमुळे की योगायोगाने? मग असं धरून चालायचं की गोळीचा काडीचाही उपयोग नाही, आणि विचारायचं: तरीही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. ती पाच टक्क्यांच्या खाली गेली की निकाल ‘लक्षणीय’ ठरतो. प्रथाच तशी पडली आहे. पाचच टक्के का, सहा किंवा चार का नाहीत, याला निसर्गात कुठलंही कारण नाही.

लोक याचा अर्थ लावतात की निकाल चुकीचा असण्याची शक्यता पाच टक्के. घोडं पेंड खातं ते इथेच. एक हिशेब करून पाहा. समजा संशोधकांनी हजार कल्पना तपासल्या आणि त्यातल्या शंभरच खऱ्या आहेत. प्रयोग लहान असल्यामुळे खऱ्या गोष्टी निम्म्या वेळाच पकडल्या जातात, म्हणजे ५० खरे निकाल हाती आले. उरलेल्या नऊशे खोट्या कल्पनांपैकी पाच टक्के, म्हणजे ४५, योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरल्या. एकूण ९५ निकाल छापले गेले आणि त्यातले जवळजवळ निम्मे चुकीचे. या सगळ्यात कुणीही खोटेपणा केलेला नाही. प्रत्येकाने नियम पाळले आहेत. उरलेल्या ९०५ प्रयोगांत काही सापडलं नाही, म्हणून ते टेबलाच्या खणात गेले. ‘काही सापडलं नाही’ हे कोण छापणार? जॉन आयोनिडिस यांनी २००५ साली याच प्रकारचा हिशेब मांडून छापलेले बहुतेक निष्कर्ष चुकीचे असतात असा दावा केला होता. दावा टोकाचा होता, त्यावर वादही झाले, पण त्यातलं गणित कुणाला झटकून टाकता आलं नाही.

हा झाला सगळं प्रामाणिकपणे केल्यावरचा हिशेब. प्रत्यक्षात चाळणी थोडी हलवली जाते, आणि तीही नकळत.

बेम यांचा पेपर आला त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन या तिघांनी एक अफलातून पेपर लिहिला. त्यांनी विद्यार्थ्यांना बीटल्सचं एक जुनं गाणं ऐकवलं, दुसऱ्या गटाला एक साधी धून ऐकवली, आणि सांख्यिकीच्या सगळ्या नियमांनुसार सिद्ध केलं की गाणं ऐकल्याने माणूस जवळजवळ दीड वर्षाने तरुण होतो. तरुण झाल्यासारखं ‘वाटतं’ असा तो निष्कर्ष नव्हता; जन्मतारखेवरून काढलेलं वय खरंच कमी आलं होतं. पी-व्हॅल्यू ०.०४.

मग त्यांनी आपलीच झाकली मूठ उघडली. वीस जणांचे आकडे छापले होते, पण तिसरंही एक गाणं ऐकवलेला गट होता, तो पेपरमधून वगळला. सहभागींना इतर बरेच प्रश्न विचारले होते. त्यातलं वडिलांचं वय हिशेबात घेतल्यावर निकाल जमला, म्हणून तेवढंच सांगितलं. किती जणांवर प्रयोग करायचा हे आधी ठरवलंच नव्हतं. साधारण दहा जण झाले की आकडे पाहायचे, निकाल जमला नसेल तर पुढे चालू ठेवायचं, जमला की थांबायचं. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर अगदी निरुपद्रवी वाटते. आणखी थोडे सहभागी घेतले तर बिघडलं काय? पण अशा चार सवलती एकत्र घेतल्या की पाच टक्क्यांची चाळणी साठ टक्क्यांची होते, हे त्यांनी संगणकावर हिशेब करून दाखवलं. मूळ काही नसतानाही दहातल्या सहा वेळा ‘शोध’ लागणार.

पेपर वाचून अनेक संशोधकांच्या पोटात गोळा आला असणार, कारण हे सगळं प्रयोगशाळेत रोज चालत होतं आणि त्यात काही गैर आहे असं कुणी शिकवलंच नव्हतं.

याचा हिशेब २०१५ मध्ये चुकता झाला. ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने २७० संशोधकांनी मानसशास्त्रातल्या शंभर छापील प्रयोगांची पुन्हा तपासणी केली. मूळच्या ९७ टक्के पेपरांत लक्षणीय निकाल होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत आला. सगळे प्रयोग मिळून पाहिलं तर परिणामाचा आकारही सरासरीने मूळच्या निम्माच होता, आणि यात नवल नाही. लहान प्रयोगात छोटा परिणाम चाळणी पार करू शकत नाही. जो पार करतो, तो योगायोगाने फुगलेला असतो. म्हणून चाळणीतून गेलेले आकडे बहुतेक वेळा वास्तवापेक्षा मोठेच असतात.

एक उदाहरण जवळून पाहू. १९९८ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक जेवण चुकवून यायला सांगितलं. खोलीत ताज्या भाजलेल्या चॉकलेट कुकीजचा वास दरवळत होता. समोर दोन ताटल्या: एकीत कुकीज, दुसरीत मुळे. काहींना कुकीज खायची मुभा, काहींना फक्त मुळे. नंतर सगळ्यांना एक कोडं दिलं, जे सुटणं शक्यच नव्हतं. मुळे खाल्लेले साधारण आठ मिनिटांत हरले, कुकीज खाल्लेले जवळजवळ एकोणीस मिनिटं झगडत राहिले. अर्थ असा काढला गेला की मनोनिग्रह ही संपणारी गोष्ट आहे. मोह आवरण्यात ती खर्च झाली, कोड्यासाठी उरली नाही. कल्पना इतकी पटण्यासारखी की त्यावर शेकडो पेपर झाले, स्वयंविकासाची पुस्तकं निघाली, ‘महत्त्वाचे निर्णय सकाळीच घ्या’ असले सल्ले फिरू लागले.

प्रयोगात एकूण ६७ जण होते.

२०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २,१४१ जणांवर याच कल्पनेची चाचणी घेतली. परिणाम शून्याच्या आसपास. बाउमाइस्टर यांनी हरकत घेतली की यात वापरलेलं काम वेगळं होतं, त्याने मनोनिग्रह खर्चच होत नाही. हरकत अगदीच निराधार नव्हती. मग त्यांच्याच विचारपरंपरेतल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन ३६ प्रयोगशाळांत साडेतीन हजार लोकांवर प्रयोग केला. तो २०२१ मध्ये छापून आला. परिणाम इतका बारीक की असून नसल्यासारखा. वीस वर्षांचं संशोधन, किती तरी जणांच्या पीएचड्या, आणि हाती एवढंच.

चारपाच वर्षांच्या मुलासमोर मिठाई ठेवून ‘थांबलास तर दोन मिळतील’ असं सांगायचा प्रसिद्ध प्रयोग आहे, त्याचंही असंच झालं. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात असं त्यावरून सांगितलं जायचं. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवर हे पुन्हा पाहिलं तेव्हा संबंध मुळात बराच कमी निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला. ‘दोन मिनिटं छाती काढून उभे राहा, शरीरातली रसायनं बदलतील’ हा सल्ला ४२ लोकांवर उभा होता. मूळ पेपरच्या पहिल्या लेखिकेनेच २०१६ मध्ये त्यावरून हात काढून घेतला, आणि ते करायला धैर्य लागतं.

आता हे वाचून ‘मानसशास्त्र म्हणजे थोतांड’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. मानसशास्त्राने आपलं घर सगळ्यांसमोर झाडून काढलं. इतरांनी झाडू हातात घ्यायला वेळ लावला. अ‍ॅमजेन या औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे मानले गेलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा सहाच जमले. २०१२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. हृदयविकारावरच्या औषधांच्या आणि आहारपूरकांच्या मोठ्या सरकारी चाचण्यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. अमेरिकेत इसवी सन २००० च्या आधी छापल्या गेलेल्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये फायदा दिसला होता. नंतरच्या २५ पैकी दोनच. मधे काय घडलं? नेमकं काय मोजणार ते चाचणी सुरू करण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत लिहून ठेवायचा नियम आला. इतरही कारणं असू शकतील, पण अभ्यासकांना सगळ्यात ठळक वाटलं ते हेच. आकडे पाहून मग प्रश्न ठरवायची सोय संपली आणि चमत्कारही संपले.

उपायाची दिशा इथूनच मिळाली. २०१३ पासून ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने क्रिस चेंबर्स यांच्या पुढाकाराने नवी रीत सुरू केली. प्रयोग करण्याआधीच संशोधकाने आपला प्रश्न आणि पद्धत नियतकालिकाकडे पाठवायची. तज्ज्ञ तपासणार, सुधारणा सुचवणार, आणि पटलं तर तेव्हाच छापायचं वचन देणार. मग निकाल काहीही येवो. याला नोंदणीकृत अहवाल म्हणू. निर्णय प्रश्नाच्या गुणवत्तेवर होतो, उत्तराच्या चमकदारपणावर नाही. २०२१ च्या एका तुलनेत मानसशास्त्रातल्या नेहमीच्या पेपरांपैकी ९६ टक्क्यांत संशोधकाची कल्पना खरी ठरलेली होती; नोंदणीकृत अहवालांत ४४ टक्क्यांत. हे ४४ टक्के मला फार दिलासा देणारे वाटतात. ज्याला आधी उत्तर ठाऊक नाही असा माणूस निम्म्याहून जास्त वेळा चुकतोच, आणि चुकायला हवाच.

अर्थात सुधारकही त्याच मातीचे. २०२३ मध्ये एका मोठ्या पेपरने दावा केला की आधी नोंदणी वगैरे केलं की निकाल पुन्हा चांगले मिळतात. लेखकांत नोसेक स्वतः होते. पण पेपरमध्ये जे आधी नोंदवलं होतं असं म्हटलं, त्यातलं काही नोंदवलेलंच नव्हतं असं टीकाकारांनी दाखवलं, आणि २०२४ मध्ये नियतकालिकाने पेपर मागे घेतला. यावर हसावं की रडावं कळत नाही. पण हे उघडकीला आलं ते नोंदी सगळ्यांना पाहायला खुल्या होत्या म्हणूनच.

एवढं सगळं ठाऊक असूनही लोक जुन्याच वाटेने का जातात? कारण पोटापाण्याचं आहे. पेपर आले तर नोकरी, पेपर आले तर ग्रँट, ग्रँट आली तर प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळा असली तर पेपर. या चक्रात ज्याचा निकाल चमकदार तो पुढे. सावकाश आणि काटेकोर काम करणारा मागे पडतो, आणि त्याचे विद्यार्थीही. नियतकालिकांनी नियम बदलले तरी पैसा देणारा जर तेच जुनं मोजत असेल तर पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून आता दुसऱ्या चाळणीकडे, पैशाच्या.

जगात बहुतेक ठिकाणी रीत साधारण सारखी आहे. संशोधक प्रस्ताव लिहितो: काय करणार, कसं करणार, किती खर्च, पूर्वी काय केलं. निधी देणारी संस्था तो दोनतीन तज्ज्ञांकडे पाठवते. ते गुण देतात. समिती बसते, चर्चा होते, यादी लागते, आणि पैसे संपतील तिथे रेघ मारली जाते. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत एक ते नऊ असे गुण असतात, एक म्हणजे सर्वोत्तम, आणि साधारण पाचातला एक प्रस्ताव मंजूर होतो. रेघेच्या वरचा आणि खालचा यांच्यात कधी कधी दशांशाचा फरक असतो.

हे गुण किती भरवशाचे? विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याची तपासणी छापली. एनआयएचकडे खरोखर आलेले २५ प्रस्ताव घेतले, ४३ तज्ज्ञांना बसवलं, हुबेहूब तशाच समित्या केल्या. निष्कर्ष असा की एकाच प्रस्तावाला दोन तज्ज्ञांनी दिलेले गुण एकमेकांशी जेवढे जुळत होते, तेवढेच दोन वेगवेगळ्या प्रस्तावांना दिलेले गुणही जुळत होते. म्हणजे तुमच्या प्रस्तावाचं काय होणार हे प्रस्तावापेक्षा तो कुणाच्या टेबलावर पडला यावर ठरत होतं. इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती बऱ्याचदा वगळली जाते: हे २५ प्रस्ताव सगळे चांगलेच होते, पुढेमागे सगळ्यांना पैसे मिळाले होते. टाकाऊ आणि उत्तम यांतला फरक तज्ज्ञांना कळत नाही असा याचा अर्थ नाही. चांगल्या आणि आणखी चांगल्यातला फरक त्यांना कळत नाही. पण निर्णय तर नेमका तिथेच घ्यायचा असतो.

आणि या चाळणीचा खर्च? ऑस्ट्रेलियात २०१२ साली आरोग्य संशोधनाच्या एका योजनेसाठी ३,७२७ प्रस्ताव आले. ते लिहायला संशोधकांचा एकूण वेळ किती गेला हे तिथल्या अभ्यासकांनी मोजलं: अंदाजे साडेपाचशे वर्षं. मंजूर झाले वीस टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांची मिळून चारशेहून जास्त वर्षं कागदांत विरली. जो माणूस प्रयोग करण्यासाठी पंधरा वर्षं शिकला, त्याच्याकडून आपण अर्ज लिहून घेतो.

रेघेच्या वर-खाली असण्याचे परिणामही दूरवर जातात. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या एका योजनेचा अभ्यास झाला. ज्यांना अगदी थोडक्यात पैसे मिळाले आणि ज्यांचे अगदी थोडक्यात हुकले, त्यांच्या गुणवत्तेत फरक जवळजवळ नव्हता. तरी पुढच्या आठ वर्षांत पहिल्या गटाला दुप्पटीहून जास्त निधी मिळाला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. याचं एक कारण मला फार वाईट वाटायला लावणारं आहे: हुकलेल्यांतल्या अनेकांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं.

शिवाय समितीला धोका नको असतो. दहा जणांचं एकमत व्हायचं तर कुणालाच खटकणार नाही असा प्रस्ताव हवा, आणि नवी कल्पना कुणाला तरी खटकतेच. कातालिन कारिको यांचं उदाहरण आता सगळ्यांच्या तोंडी आहे. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू, यापासून औषध करता येईल या कल्पनेमागे त्या लागल्या, पण त्यासाठी पैसे मिळेनात, आणि १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. २००५ मध्ये ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबर त्यांनी तो कळीचा शोध छापला. कोविडच्या लसी त्यावरच उभ्या राहिल्या आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. ज्यांच्या कल्पना नाकारल्या गेल्या आणि खरोखरच टाकाऊ होत्या, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. हीही एक चाळणीच.

त्यापेक्षा तुलना करणारा अभ्यास जास्त उपयोगाचा. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज ही संस्था प्रकल्पाला पैसे देत नाही, माणसाला देते. मुदत लांब, पहिल्या खेपेला अपयश आलं तरी सांभाळून घ्यायचं, दिशा बदलायची मोकळीक. अर्थशास्त्रज्ञ पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या संशोधकांची तुलना एनआयएचच्या पैशावर काम करणाऱ्या, तितक्याच कर्तबगार संशोधकांशी केली. हॉवर्ड ह्यूजच्या लोकांनी खूप गाजलेले पेपर बरेच जास्त दिले. आणि त्यांचे साफ पडलेले पेपरही जास्त होते. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. पडायची मुभा असल्याशिवाय उंच उडी कुणी मारत नाही, आणि सरकारी पैशाचा हिशेब मागणाऱ्यांना नेमकं पडणंच बघवत नाही.

चांगल्या प्रस्तावांतून निवड करणं तज्ज्ञांना जमत नसेल तर मग चिठ्ठ्याच का टाकू नयेत? ही थट्टा नाही. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून नव्या धाडसी कल्पनांसाठीची एक योजना अशीच चालवली. जर्मनीतल्या फोक्सवागन प्रतिष्ठानाने २०१७ पासून काही निधी सोडतीने दिला. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात बरोबरीत अडकलेल्या प्रस्तावांसाठी चिठ्ठी काढता येते. ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून आपल्या छोट्या अनुदानांसाठी हा मार्ग धरला.

लॉटरी म्हटलं की लोकांना वाटतं कुणीही उठावं आणि पैसे घेऊन जावं. तसं नाही. तज्ज्ञ आधी वाचतातच. जे स्पष्टपणे कच्चे, ते बाहेर. काही ठिकाणी जे निर्विवाद सरस, त्यांना थेट मंजुरी. मधे उरतो तो मोठा घोळका, जिथे समिती तासन्‌तास भांडून शेवटी दशांशावर निर्णय घेते. चिठ्ठी फक्त तिथे. ब्रिटिश अकादमीला पैसे मिळालेल्यांत पूर्वीपेक्षा जास्त विविधता दिसू लागली, आणि हे समजण्यासारखं आहे: ओळखीचं नाव, मोठं विद्यापीठ यांचं वजन चिठ्ठीला कळत नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की यातून विज्ञानाची पत जाते. करदात्याला काय सांगणार, नाणं उडवलं म्हणून? मला उलट वाटतं. आजही मधल्या घोळक्यात नशिबानेच निर्णय होतो, फक्त त्याला गुणवत्तेचं नाव दिलं जातं. उघडपणे नशीब म्हटलं तर निदान हुकलेला माणूस स्वतःला नालायक समजून मैदान सोडणार नाही. मात्र सोडतीमुळे विज्ञान जास्त चांगलं होतं असं म्हणायला अजून पुरावा तोकडा आहे. वेळ वाचतो, पक्षपात घटतो, एवढं तूर्त म्हणता येईल. आणि अर्ज लिहायचा त्रास तर तसाच राहतो.

दुसरी एक वाट खगोलशास्त्रज्ञांनी काढली. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट मागण्या येतात. २०२१ पासून तिथे बहुतेक प्रस्तावांसाठी नियम आहे: अर्ज केलात ना, मग इतरांचे दहा अर्ज तुम्हीच वाचून क्रम लावायचा. आपल्या मित्राला वर ढकलायची किंवा स्पर्धकाला पाडायची सोय राहू नये म्हणून काळजी घेतली जाते, आणि दहा वेगवेगळ्या डोळ्यांमुळे एखाद्याच्या लहरीचं वजन कमी होतं. मोठ्या समित्या बोलावण्याचा खटाटोपही वाचतो. बर्न विद्यापीठातून २०२४ मध्ये सुरू झालेला एक प्रकल्प तर छापलेल्या पेपरांत चुका शोधणाऱ्यांना पैसे देतो. चूक जितकी मोठी तितकं बक्षीस जास्त. नेदरलँड्सच्या विज्ञान संस्थेने २०१६ मध्येच जुने प्रयोग पुन्हा करून पाहण्यासाठी तीस लाख युरो वेगळे काढले होते. रक्कम किरकोळ, पण ‘आम्ही छापत नाही’ या उत्तराला पैशाच्या भाषेत दिलेलं ते पहिलं ठोस प्रत्युत्तर होतं.

हे सगळं हळूहळू जमत असताना चाळणीवर वेगळाच भार येऊन पडला. आतापर्यंत नीट लिहिलेला, मुद्देसूद प्रस्ताव हीच एक खूण होती: या माणसाने विचार केला आहे, मेहनत घेतली आहे. आता तसा मजकूर एआय काही मिनिटांत लिहून देतो. एनआयएचला असे संशोधक आढळले की ज्यांनी एकाच फेरीत चाळीसहून जास्त अर्ज केले होते. एवढ्या प्रयोगांचा विचार एका डोक्यात एका फेरीत होऊच शकत नाही. म्हणून २०२५ मध्ये संस्थेने नियम केला: एका संशोधकाला वर्षाला जास्तीत जास्त सहा अर्ज, आणि मोठ्या प्रमाणावर एआयने लिहिलेला प्रस्ताव त्याची स्वतःची कल्पना मानली जाणार नाही.

सहाची मर्यादा पाळली जाते की नाही ते मोजणं सोपं आहे. पण कुठला मजकूर माणसाचा आणि कुठला यंत्राचा, हे तपासायला टेबलावर पुन्हा तेच दोनतीन तज्ज्ञ आहेत, आणि चांगल्या प्रस्तावातून आणखी चांगला निवडताना त्यांचं एकमेकांशी किती जुळतं ते आपण पाहिलंच.